पेंटरचं अक्षर, फाँटचं अक्षर

दिवाळी सरते आणि कोपरगावच्या रस्त्यांवर ऊस येतो. तालुक्यातल्या संजीवनी आणि कोळपेवाडीच्या कारखान्यांकडे ट्रॅक्टर निघतात, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या. नगर-मनमाड रस्त्यावर त्यांच्या मागे अडकलेल्या गाडीवाल्याला फाळक्यावरचा मजकूर वाचायला हवा तेवढा वेळ मिळतो. मालकाचं नाव, गाव, कुलदैवत, ‘आईचा आशीर्वाद’. मजकूर ठरलेलाच असतो. बघण्यासारखं असतं ते अक्षर. लाल अंगाला पिवळी कड, कडेला काळी सावली, आणि सावली एकाच बाजूला पडलेली, म्हणजे ऊन कुठून येतं हे पेंटरने आधी ठरवलेलं. काना खाली जाता जाता वळून त्याचं पान झालेलं. जागा संपत आली म्हणून शेवटचं अक्षर अंग चोरून उभं, आणि ते झाकायला त्याच्यापुढे एक कमळ.

याच रस्त्यावर हिरव्या पाट्यांवर कानिफनाथ किंवा नवनाथ रसवंतीगृह लिहिलेलं असतं, आणि शिर्डी जवळ येईल तसतसं ‘श्रद्धा-सबुरी’ भिंतीवर, रिक्षावर, हॉटेलच्या दारावर दिसू लागतं. संगणकावर आज ‘डिस्प्ले फाँट’ म्हणून जी गमतीदार, हाताने काढल्यासारखी देवनागरी अक्षरं मिळतात, त्यांचं मूळ शोधायला निघालं तर पाऊल अशाच रस्त्यांकडे वळतं. छापखान्यातल्या खिळ्यांकडे ते फारसं जात नाही.

खिळ्यांची परंपरा कमी तोलाची होती असं मुळीच नाही. जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत टाइप फाउंड्री काढली, पुढे निर्णयसागर छापखाना उभा राहिला, आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातून जो देवनागरी टाइप घडला त्यावर कित्येक पिढ्या पोथ्या, पंचांगं आणि कादंबऱ्या वाचत आल्या. पण तो मजकुराचा टाइप. त्याने डोळ्यांत भरू नये हीच त्याची कामगिरी. दुकानाच्या पाटीचं काम नेमकं उलटं: तिला रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचं असतं. खिळे तेवढे मोठे नसत आणि गमतीच्या बाबतीत तर अगदीच सोवळे. म्हणून पाटी, नाटकाची जाहिरात, सिनेमाचं पोस्टर आणि दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ही चार कामं हातानेच होत राहिली. मराठीतलं खेळकर अक्षर या चार ठिकाणी वाढलं.

शिक्षण म्हणाल तर बहुतेकांचं सारखंच. शाळेतल्या मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा असत, आजही असतात. त्यांत भूमितीच्या जोडीला अक्षरलेखनही असे. चौकटी आखायच्या, त्यांत ठोकळ्यासारखी अक्षरं बसवायची. गावोगावच्या पेंटरांपैकी कितीतरी जणांची औपचारिक शिकवणी एवढ्यावरच आटोपली. बाकीचं उस्तादाच्या हाताखाली. खडूची भुकटी लावलेली दोरी ताणून टिचकी मारायची की फळ्यावर सरळ रेघ उमटते, तीच शिरोरेषा. मनगट टेकायला एक काठी, कडा ओढायला बारीक ब्रश, अंग भरायला चपटा. इनॅमल रंग वाळायच्या आत चूक पुसायची, वाळल्यावर तिची नक्षी करायची.

एसटीच्या आगारांतही पेंटर असत. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि तेव्हापासून गावांच्या नावांच्या रंगवलेल्या पाट्या हा ग्रामीण महाराष्ट्राचा रोजचा वाचनपाठ झाला. या अक्षरांत लाड नव्हते. लांबून, धुळीतून, धावत येताना वाचता यावं एवढीच अट, आणि ती अट पाळता पाळता एक रांगडा, ठसठशीत वळणाचा हात तयार झाला.

शहरात हीच गोष्ट वेगळ्या थाटात घडत होती. कमल शेडगे (१९३५–२०२०) टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात काम करत आणि मराठी नाटकांची शीर्षकं रेखाटत. वर्तमानपत्रात नाटकाच्या जाहिरातीला मिळायची एक लहानशी चौकट, शेजारी दहा प्रतिस्पर्धी. तेवढ्या जागेत नाटक विनोदी आहे, ऐतिहासिक आहे की काळजाला घरं पाडणारं आहे, हे नावानेच सांगायचं असे. शेडग्यांनी अक्षर लिहिण्यापेक्षा ते रेखाटलं. शब्दाच्या अर्थातून त्याचा आकार काढला. ‘माझी अक्षरगाथा’, ‘चित्राक्षरं’, ‘कमलाक्षरं’ ही त्यांची पुस्तकं चाळली की एक गोष्ट ठळकपणे दिसते: एका शीर्षकाचा ‘र’ दुसऱ्या शीर्षकात उचलून ठेवता येत नाही. तो त्या शब्दापुरताच जन्मलेला असतो.

फाँट करणाऱ्याची खरी अडचण इथे सुरू होते. शीर्षकाचं अक्षर एका शब्दाशी बांधलेलं. फाँटच्या अक्षराला मात्र कुणाही शेजाऱ्याशी जमवून घ्यावं लागतं. बारशाच्या पत्रिकेवर आणि दशक्रियेच्या फलकावर तेच अक्षर येणार. त्यामुळे पेंटरची लहर पकडायची, पण ती शेकडो अक्षरं आणि जोडाक्षरांत सारखी राहिली पाहिजे, असा हा उलटसुलट मामला आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरांची दोन रूपं आणि काही चिन्हं काढली की बरंचसं निभावतं. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, बाजूला काना, आणि पोटात जोडाक्षरं.

खेळकर इंग्रजी फाँटचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे कॉमिक सान्स. व्हिन्सेंट कोनार यांनी तो १९९४ साली मायक्रोसॉफ्टसाठी काढला. निमित्त असं की एका प्रणालीतला कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलत होता आणि ते त्यांना खटकलं. कॉमिक्सच्या फुग्यांतल्या अक्षरांवरून त्यांनी वळण घेतलं. पुढे तो फाँट नको तिथे वापरला गेला आणि जगभर टिंगलीचा विषय झाला, हा दोष अर्थात काढणाऱ्याचा नव्हे.

मराठी माणसाच्या संगणकावर मात्र बरीच वर्षं असा खेळ नव्हताच. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी केला. जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार आणि कवी. अक्षरांच्या मांडणीतूनच कविता घडवणारे, जाहिरातक्षेत्रात मुरलेले, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे. अशा मनमोकळ्या हाताच्या माणसाचं सर्वाधिक वापरलं गेलेलं काम म्हणजे सरकारी पत्रातला, हूं की चूं न करणारा फाँट! पडद्यावर बारीक आकारात देवनागरी वाचता यावी ही तेव्हाची निकड होती, आणि ती त्यांनी भागवली. त्यांच्यापाठोपाठ अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून मोडीचा वेग आणि देवनागरीची बांधणी एकत्र आणणारी ‘मुक्तलिपी’ घडवली. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. ज्या कोपरगावात राघोबादादांचा वाडा आहे आणि जिथे १७८३ साली त्यांचा शेवट झाला, त्या गावाला मोडी परकी नाही: पानभर शिरोरेषा आधी ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. पेंटरची दोरी तेच करते.

हसऱ्या, गुबगुबीत, तिरकस देवनागरी फाँटची खरी लाट आली ती २०१४-१५च्या सुमारास. गूगल फाँट्सने भारतीय लिप्यांसाठी मुक्त परवान्याचे फाँट करून घ्यायला सुरुवात केली आणि मुंबई-अहमदाबादच्या तरुण अक्षररचनाकारांना काम मिळालं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मोदक’ त्यातलाच. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी त्याची देवनागरी केली. आधी हाताने रेखाटलेली ही अक्षरं इतकी फुगवली आहेत की पोटातल्या पोकळ्या नुसत्या फटी उरल्या. नाव चपखल आहे. याच गटाचा ‘बालू’ म्हणजे ‘जंगल बुक’मधलं अस्वल: अंगाने लठ्ठ, टोकाशी नखं. हा फाँट अनेक भारतीय लिप्यांत निघाला आणि प्रत्येक लिपीत त्याचं नातं बदललं. गुजरातीत बालू भाई, बंगालीत बालू दा, गुरुमुखीत बालू पाजी, तमिळमध्ये बालू तंबी, मल्याळममध्ये बालू चेट्टन, उर्दूत बालू भाईजान. देवनागरीत नुसताच बालू; ‘बालूदादा’ म्हणायचं राहून गेलं, ही मराठी वाचकाची एवढीशी तक्रार.

तक्रार आणखी एक. जॉनी पिनहॉर्न यांचा ‘श्रीखंड’ हा जाडजूड, तिरका, रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला फाँट गुजराती आणि रोमन लिपीत आहे. म्हणजे मराठी घरात श्रीखंड खाता येतं, त्यात लिहिता येत नाही.

प्रेरणेचा उगम सरळ दाखवता येतो तो ‘यात्रा वन’मध्ये. कॅथरीन ली श्मिट यांनी मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्या पाहून तो केला. गंमत अशी की इथे देवनागरीला रोमनच्या मागे फरफटत नेलेलं नाही. उलट रोमन अक्षरंच बोरूच्या तिरक्या कापाप्रमाणे वळवली आहेत. शिर्डीला स्वतःचं स्थानक होण्याआधी जे भक्त कोपरगावच्या पिवळ्या पाटीखाली उतरत, त्यांच्या ओळखीचंच हे अक्षर. ‘जैनी’ची प्रेरणा आणखी जुनी: १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितातलं वळण. हस्ताक्षराच्या जातीचा ‘कलम’ लिपी रावल आणि पिनहॉर्न यांचा. बॉलपेनने घाईत लिहिलेल्या चिठ्ठीसारखा, आणि म्हणून लग्नपत्रिकेपासून दुधाच्या जाहिरातीपर्यंत कुठेही खपणारा.

पेंटरला नावानिशी श्रेय देण्याचा प्रयोग मराठी मुलखाबाहेर झाला. हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ हा प्रकल्प सुरू केला. रस्त्यावरच्या पेंटरकडून सगळी अक्षरं रंगवून घ्यायची, त्यांचा फाँट करायचा, फाँटला पेंटरचंच नाव द्यायचं आणि विक्रीतला वाटाही त्याला. जुन्या दिल्लीच्या पेंटर कफील यांचा रंगीबेरंगी, थरांचा फाँट त्यातून आला. या सगळ्या आढाव्यातली सर्वांत न्याय्य कल्पना हीच, कारण इतर ठिकाणी ‘रस्त्यावरून प्रेरित’ एवढं म्हटलं की रस्त्यावरचा माणूस निनावीच राहतो.

एखादा खेळकर फाँट मराठीला चालेल का हे पाहायला कोपरगावच्या परिसरातले दोन शब्द पुरतात. पहिला ‘श्रद्धा’. त्यात ‘श्र’ आहे आणि ‘द्ध’ आहे. जाड फाँटमध्ये ‘द’च्या पोटाखाली ‘ध’ बसवताना जागाच उरत नाही. पेंटर अशा वेळी ‘द’ थोडा वर उचलतो, किंवा ‘ध’ला बाहेर काढून त्याची शेपटी करतो. फाँटला तो निर्णय एकदाच आणि कायमचा घ्यावा लागतो. दुसरा शब्द ‘गुऱ्हाळ’. त्यात ‘ळ’ आहे आणि आडवा ‘ऱ्’ आहे. बाहेर झालेल्या काही फाँटमध्ये हा ‘ऱ्’ तुटतो किंवा रफार होऊन डोक्यावर बसतो. शिवाय ‘ल’ आणि ‘श’. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी रूपं १० नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयानेही धरली आहेत; ट्रॉली रंगवणाऱ्याला ती निर्णयाविना येत होती.

गावाकडच्या पेंटरचं काम कमी केलं ते फ्लेक्सने, फाँटने नव्हे. पण दोघे आले बरोबरच. रंगवायला दोन दिवस लागणारा फलक तासाभरात छापून मिळू लागला, वर साहेबांचा फोटोही. डीटीपीच्या दुकानांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी होती आणि फाँट नावाने नव्हे तर नंबराने मागितले जात. वाढदिवसाच्या फलकांवर तेच दोन-चार नंबर गावोगाव फिरत राहिले, त्यामुळे येवल्याचा फलक आणि राहात्याचा फलक यांत फरक उरला तो फक्त चेहऱ्यांचा. अक्षरांशी खेळायची खोड मात्र जात नाही. गाडीच्या नंबरप्लेटवर इंग्रजी आकड्यांतल्या ४१४१चा ‘दादा’, २१४चा ‘राम’ आणि ८०५५चा ‘बॉस’ करणारी मंडळी कायद्याला न जुमानता ती टिकवून आहेत. ‘हॉर्न ओके प्लीज’ला तर राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ साली मनाई केली. अक्षरांचा हा हट्ट दंड भरूनही चालू राहतो.

ट्रॉल्या अजून बऱ्याच जागी हातानेच रंगवतात, कारण फ्लेक्स उसाच्या घासाघाशीला टिकत नाही. म्हणजे काम करणारे हात अजून आहेत. नवे फाँट करणाऱ्यांनी मुंबईच्या लोकलइतकंच लक्ष नगर जिल्ह्यातल्या फाळक्यांकडे द्यायला हरकत नाही. आणि वाचकांना एक विनंती. आपल्या गावात रंगवलेली जुनी पाटी असेल तर तिचा समोरून, सरळ फोटो काढा. कोपऱ्यातली पेंटरची सही कापू नका. पेंटर हयात असतील तर त्यांच्याकडून एका फळ्यावर क पासून ज्ञ पर्यंतची अक्षरं, बाराखडी आणि दहा आकडे रंगवून घ्या, आणि त्याचे पैसे द्या.