चिखल, चोच आणि भरती

संपादकांनी ऐरोलीला पाठवलं ते रोहित पक्ष्यांवर, म्हणजेच फ्लेमिंगोंवर, लिहायला. राज्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र इथे आहे. खाडीचं जग समजावून घ्यावं आणि मग जेट्टीवरून बोटीत बसावं, अशी इथली रीत. कागदोपत्री इतिहास थोडक्यात सांगता येतो. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला, पश्चिम काठाचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा पट्टा 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

मी रमलो ते बोट चालवणाऱ्या दादांच्या वेळापत्रकात. ते घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर चालतं आणि रोज पुढे सरकतं. पूर्ण ओहोटीला बोट चिखलात रुतते, पूर्ण भरतीला चिखलच बुडतो आणि पक्षी उठून जातात. या दोन्हींच्या मधला वेळ गाठायचा. उधाणाचं पाणी वेगळं, भांगाचं वेगळं. तो हिशेब दादांच्या अंगात मुरलेला आहे. तिवरांच्या कडेने बोट निघते. चिखलातून श्वसनमुळं वर आलेली असतात, त्यांच्यामधून निवट्या उड्या मारतात.

आणि मग तो गुलाबी थवा. सगळ्यांच्या माना खाली, चोची उलट्या. चरताना रोहिताची वरची चोच खाली येते. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होत पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते. चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांत अन्न अडकतं. लहान रोहिताच्या पट्ट्या इतक्या बारीक असतात, की सूक्ष्म नीलहरित शैवालही सुटत नाही. मोठा रोहित प्रामुख्याने कवचधारी जीव आणि अळ्या टिपतो. त्यामुळे दोघं एकाच चिखलावर निभावतात आणि त्यांचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो. असं नेमकं यंत्र इतक्या साध्या चिखलावर चालतं, याचं मला अपार कौतुक वाटतं.

काळजी वाटते ती भरतीच्या तासांची. चिखल बुडाला की पक्ष्यांना टेकायला उथळ पाणी लागतं. ते मिळतं भांडुपच्या उदंचन केंद्राजवळ, नेरुळच्या डीपीएस तळ्यात, सीवूड्सच्या पाणथळींत. यातल्या बऱ्याच जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत आणि शहराची नजर त्यांच्यावर आहे. डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाट बुजली, तळं आटलं आणि 2024 मध्ये तिथे रोहित मेले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ उतरत्या विमानाची धडक बसून जवळपास 40 रोहित एका रात्रीत गेले. हक्काची विश्रांतीची जागा हिरावली गेलेले थवे भलत्या वेळी, भलत्या वाटेने उडणार, ही भीती पक्षिप्रेमींनी तेव्हा बोलून दाखवली.

2025 मध्ये डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याच्या दिशेने राज्याने पाऊल टाकलं, हे चांगलंच झालं. पण एका तळ्याने भागणार नाही. अभयारण्य पक्ष्यांचं ताट राखतं. भरतीला टेकायच्या जागाही त्याच कायद्याच्या छत्राखाली यायला हव्यात. नवी मुंबईकरांनो, तुमच्या प्रभागातल्या पाणथळीत भरतीचं पाणी अजून शिरतं का, हे जाऊन बघा. शिरत नसेल तर महापालिकेला आणि वनखात्याला लेखी विचारा.