उतार दिसायला हवा

पहाटे वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पुणेकरांना जाड टायरच्या सायकली आता नवीन राहिलेल्या नाहीत. पाषाणच्या किंवा चतुःशृंगीच्या बाजूने चढायचे, वेताळबाबाच्या देवळापाशी दम खायचा आणि पायवाटेने खाली सुटायचे. सुमारे 800 मीटर उंचीची ही शहरातली सर्वांत उंच जागा. अनेकांच्या हेल्मेटवर छोटा कॅमेरा असतो. घरी येऊन व्हिडिओ लावला की मात्र हिरमोड होतो. ज्या उतारावर पोटात गोळा आला होता, तो पडद्यावर जवळजवळ सपाट दिसतो.

मुळात हा उतार सोपा नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून इथला बेसाल्ट तयार झाला. कठीण थर झिजायला वेळ लागतो, तिथे कातळाच्या पायऱ्या उरतात. मऊ थरांचा मुरूम होतो. त्यामुळे एकाच उतारावर आधी पायरीवरून चाक खाली उतरवायचे आणि लगेच घसाऱ्यावर सावरायचे, असा प्रसंग येतो. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो. पाऊस संपून माती सुकली की सुटे खडे चाकाखाली घरंगळू लागतात.

अशा वेळी सीट खाली घेऊन पायडलवर उभे राहायचे, दोन्ही पायडल एका पातळीत, टाचा थोड्या दाबलेल्या, गुडघे आणि कोपरे सैल. नजर पुढच्या चाकावर नाही, काही मीटर पुढच्या वाटेवर. घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक अडकते आणि सायकल घसरू लागते. सायकल खऱ्या अर्थाने थांबवतो तो पुढचा ब्रेक; पण तो एका बोटाने, हळूहळू आणि हँडल सरळ असताना दाबायचा. पायरी उतरण्याआधीच वेग कमी करून घ्यायचा.

ब्रेकची परीक्षा माउंटन बायकिंगच्या जन्मापासूनची आहे. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही तरुणांनी जुन्या, जड सायकलींवर डोंगरउताराची शर्यत लावली. साधारण साडेतीन किलोमीटरमध्ये वाट सुमारे 400 मीटर खाली उतरत होती. पायडल उलटे दाबून लागणारे त्यांचे ब्रेक इतके तापत, की हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुढे 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला.

चित्रीकरणाची हौस त्या मानाने अलीकडची. गोप्रो कंपनीचा 2004 सालचा पहिला कॅमेरा फिल्मच्या रोलचा होता आणि सर्फिंग करणाऱ्यांनी तो मनगटाला बांधायचा होता. आजचे कॅमेरे हादरे मोजून चित्र स्थिर करतात. पण त्यांच्या रुंद कोनाच्या लेन्समुळे जवळची जमीन लांब पसरलेली दिसते. कॅमेराही सायकलस्वाराबरोबर पुढे झुकतो, त्यामुळे चित्रात नुसती वाट उरते आणि तुलनेला क्षितिज राहत नाही.

उपाय साधे आहेत. कॅमेरा हेल्मेटऐवजी छातीवर लावला, तर हँडल, वाकणारे हात आणि पुढच्या चाकाचा दबणारा फोर्क चित्रात येतो. दणका किती बसला हे प्रेक्षकाला समजते. त्याहून चांगले म्हणजे मित्राला बाजूला उभे करून, फोन सरळ धरून शूट करायला सांगणे. टेकडीवरच्या गिरिपुष्पाच्या झाडांची उभी खोडे चित्रात आली की जमीन किती तिरकी आहे ते लगेच कळते. पार्श्वसंगीताचा आवाज कमी ठेवून खड्यांचा खरखराट आणि ब्रेकचा आवाज तसाच राहू द्यावा.

ड्रोनचा विचार मात्र जपून करावा. पुण्यात लोहगावचा हवाई तळ आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार लाल क्षेत्रात, म्हणजे ड्रोनला मनाई असलेल्या भागात, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. उडवण्याआधी कोणता भाग कोणत्या क्षेत्रात येतो, हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात पाहणे आवश्यक आहे.

याच वाटांवर आजी-आजोबा चालतात, शाळकरी मुले पळतात, मोरही आडवे येतात. म्हणून वेगाचे शूटिंग करायचे, तर आधी ती वाट चालत पाहावी, वळणापलीकडे एक साथीदार उभा करावा आणि कोणी येताना दिसले की त्याने हाक मारून सायकल थांबवावी. पावसात भिजलेल्या वाटेवर चाके खोल चर पाडतात आणि पुढच्या सरीत त्याच चरांतून माती वाहून जाते. वाट ओली असेल तेवढे दिवस टेकडी पायी फिरणाऱ्यांसाठी सोडावी.