ठिपक्यांच्या चौकोनामागे कोण?

बालभारतीचे अलीकडचे कोणतेही पाठ्यपुस्तक घ्या आणि सुरुवातीची पाने उलटा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसेल. मुले त्यावर फोन धरतात आणि छापील कविता गाऊ लागते. या चौकोनाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तो निरखून पाहायचे राहूनच गेले. तो खरोखर निरखण्यासारखा आहे.

त्याचा जन्म शाळेत नाही, मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात झाला. जपानच्या डेन्सो कंपनीत कामगार दिवसभर खोक्यांवरचे बारकोड वाचत असत. एका बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरे मावत, म्हणून एकाच खोक्यावर अनेक बारकोड असत आणि प्रत्येक वेगळा वाचावा लागे. मासाहिरो हारा हे तिथले अभियंते. ‘गो’ हा त्यांचा आवडता खेळ. आखलेल्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडायच्या. माहिती आडव्या रेघेतच का लिहायची, पटासारखी आडवी-उभी दोन्हीकडे का नाही, हे त्यांना त्या पटावरून सुचले. १९९४ मध्ये क्यूआर कोड तयार झाला. डेन्सोने पेटंट घेतले, पण प्रमाणित कोड वापरणाऱ्यांवर ते बजावणार नाही असे जाहीर केले. हा चौकोन सुरुवातीपासून कुणालाही फुकट छापता आला, तो या निर्णयामुळे.

आता त्याचे तीन कोपरे बघा. तिथे एकात एक असे मोठे चौकोन आहेत. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रुंदीचे प्रमाण नेहमी १:१:३:१:१ असेच येते. हे प्रमाण मनाला आले म्हणून ठरवलेले नाही. हारांच्या गटाने मासिके, पत्रके, खोकी असा ढीगभर छापील मजकूर तपासला आणि छपाईत सर्वांत क्वचित आढळणारे प्रमाण शोधून काढले. म्हणूनच पानभर अक्षरांच्या गर्दीतही कॅमेऱ्याला चौकोन नेमका सापडतो, पुस्तक उलटे धरले तरी.

याहून मोठे नवल पुढे आहे. कारखान्यात ग्रीस लागते, पाठ्यपुस्तकावर चहा सांडतो, तेलकट बोटे उमटतात. तरीही कोड वाचला जातो. सर्वांत भक्कम पातळीवर छापला, तर त्यातला सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती परत मिळते. यामागचे गणित १९६० मध्ये आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी मांडले. त्याचा गाभा शाळकरी भूमितीतला आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. मग रेषा कळवायला दोन बिंदू पुरेत, पण आपण मुद्दाम पाच कळवले तर? तीन पुसले गेले तरी उरलेल्या दोनांवरून रेषा सापडते. आणि एखादा बिंदू न पुसता चुकीचा झाला, तर बाकीचे चार एका रेषेत बसतात आणि पाचवा उघडा पडतो. क्यूआर कोड हेच काम अधिक गुंतागुंतीच्या वक्रांनी करतो. व्हॉयेजर यानांनी सौरमालेच्या कडेवरून पाठवलेली चित्रेही याच गणिताने सांभाळली. चौथीच्या पुस्तकातला ठिपका आणि नेपच्यूनचे छायाचित्र एकाच युक्तीवर तगतात, हे वर्गात सांगून बघा. मुलांचे डोळे बघण्यासारखे होतील.

आणखी एक प्रयोग करा. एखाद्या क्यूआर कोडात संकेतस्थळाचा पत्ता न भरता साधा मजकूर भरा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि स्कॅन करा. मजकूर दिसतो! कारण तो शाईतच आहे. एका कोडात जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात. देवनागरीचे एक चिन्ह साधारण तीन बाइट घेते, तेव्हा हजारच्या आसपास चिन्हे बसतात. आख्खे पसायदान एका चौकोनात मावते, आणि ते वाचताना कुठल्याही कंपनीला, सरकारला, कुणालाच कळत नाही की कुणीतरी ते वाचले. शाईला डोळे नसतात.

पाठ्यपुस्तकातल्या चौकोनात मात्र बहुधा मजकूर नसतो, पत्ता असतो. खरा प्रश्न इथून सुरू होतो. पत्त्यावर जाताच पलीकडच्या यंत्राला निदान तीन गोष्टी समजतात: आपला नेटवर्क पत्ता, वेळ आणि फोनचा प्रकार. मध्ये अ‍ॅप आले की ते ठिकाण विचारू शकते, संपर्क मागू शकते, जाहिरातींसाठीचा फोनचा ओळखक्रमांक पुढे पाठवू शकते. ठिपके तेच, पण त्यांच्या मागे आता कुणीतरी उभे आहे.

पण हे ठिपके पाठ्यपुस्तकांत आले कसे? सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. अनेक मुलांची घरची भाषा कन्नड होती. डिसले सरांनी आधी कन्नड शिकून घेतली, पुस्तके मुलांच्या भाषेत आणली, आणि मग त्यांना क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी, चित्रफिती, स्वाध्याय दिले. पुढे राज्याने ही कल्पना पाठ्यपुस्तकांसाठी उचलली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, दहा लाख डॉलरचे, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. या कामातला क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी मूल, मग त्याची भाषा, आणि सर्वांत शेवटी यंत्र.

मोठ्या प्रमाणावर काम होते तेव्हा हा क्रम सहज उलटतो. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. करोनाकाळात ४९ देशांच्या सरकारांनी शिफारस केलेली शैक्षणिक अ‍ॅप आणि संकेतस्थळे त्यांनी तपासली होती. दहांपैकी जवळजवळ नऊ मुलांच्या माहितीशी असे वागत होती की त्यांच्या हक्कांना धोका पोहोचावा. आपल्या सरकारचे ‘दीक्षा’ हे शैक्षणिक अ‍ॅप त्या यादीत होते. जानेवारी २०२३ मध्ये आणखी बातमी आली: दीक्षाशी संबंधित माहितीच्या एका साठ्याला कुलूपच नव्हते, आणि दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, फोन क्रमांक, ईमेल उघड्यावर होते. विद्यार्थ्यांच्या नोंदीही त्यात होत्या. मला याचा राग येतो. ज्या शिक्षिकेने वर्गाच्या भल्यासाठी नाव नोंदवले, तिचा विश्वास इतका स्वस्त असू नये.

कायदा आता आला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांचा माग काढणे, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणे, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. मुलांबाबतची ही बंधने मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षणासाठी आणि सुरक्षिततेसाठी शाळांना नियमांत काही सूट आहे. माझ्या मते सूट मिळाली म्हणूनच शाळेची जबाबदारी वाढते.

बऱ्याचदा उपाय अगदी साधा असतो. दीक्षावरचा पाठ एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो. बाईंनी तो रेंज असेल तिथे आपल्या फोनवर उतरवून घ्यावा आणि वर्गातल्या टीव्हीवर लावावा. चाळीस मुलांना चाळीस फोन लागत नाहीत आणि चाळीस जणांच्या खुणा कुठे उरत नाहीत. ज्या घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर रानात गेला आहे, त्या घरची मुलगीही तीच कविता त्याच वेळी ऐकते. मागे पडणे आणि पाळतीखाली येणे, दोन्ही धोके एकाच बटणाने टळतात.

म्हणून शिक्षक-पालकांना एक विनंती. शाळेने नवे अ‍ॅप सुचवले की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तीनच गोष्टी विचारा: हे मुलांची कोणती माहिती घेते, ती कुणाकडे जाते, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ती पुसली जाते का. उत्तर लेखी मागा, आणि ते मिळेपर्यंत मुलाचे नाव त्यात भरू नका.