आवृत्ती बदलताना हिशेब बदलू नये

शासकीय खाती, बँका, रेल्वे, विमा कंपन्या यांच्याकडे दररोज जमा होणाऱ्या माहितीचा पसारा एकट्या संगणकाच्या आवाक्याबाहेर केव्हाच गेला आहे. ही माहिती शेकडो संगणकांवर विभागून ठेवणे आणि त्या सर्वांकडून एकाच वेळी काम करून घेणे, या पद्धतीस वितरित माहितीप्रक्रिया असे म्हणतात. तिच्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या सतत निघत असतात. जुन्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्या कालांतराने बंद होतात. त्यामुळे आवृत्ती बदलणे फार काळ टाळता येत नाही. मात्र जुने प्रोग्रॅम, जुन्या फाइली आणि नवे सॉफ्टवेअर यांचा मेळ बसला नाही, तर काम थांबते. किंवा काम सुरळीत चालू राहून उत्तर तेवढे बदलते. यांपैकी दुसरे संकट अधिक गंभीर होय.

काम वाटून घेण्याची रीत

जनगणनेचे उदाहरण घेतल्यास ही पद्धत सहज ध्यानात येईल. प्रत्येक प्रगणक आपल्या गटातील माणसे मोजतो. गटांच्या बेरजेतून गावाचा, गावांच्या बेरजेतून तालुक्याचा आणि तालुक्यांच्या बेरजेतून जिल्ह्याचा आकडा सिद्ध होतो. गुगल कंपनीच्या संशोधकांनी २००३ व २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत संगणकांसाठी अशीच रीत मांडली होती. तिच्या आधारे डग कटिंग आणि माइक काफरेला यांनी ‘हडूप’ची उभारणी केली. कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातील पिवळ्या हत्तीचे हे नाव. हडूप मोठ्या फाइलीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या सामान्यतः तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवते. त्यामुळे एखादे यंत्र बंद पडले तरी माहिती सुरक्षित राहते. पुढे २००९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत मातेई झहारिया यांनी ‘स्पार्क’चे काम सुरू केले. मधले निष्कर्ष वारंवार डिस्कवर न लिहिता संगणकाच्या स्मृतीतच ठेवल्यामुळे स्पार्कचा वेग पुष्कळच वाढला.

या तंत्राशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आधारसाठी उभारलेल्या संगणकीय रचनेत हडूपचाही उपयोग करण्यात आला होता.

मेळ कोठे बिघडतो

असे सॉफ्टवेअर एकसंध नसते. तळाशी जावा, त्यावर स्काला ही प्रोग्रॅमिंग भाषा, शेजारी साठवणीसाठी हडूप, वर स्पार्क आणि सर्वांत वर त्या त्या कार्यालयाने लिहून घेतलेले प्रोग्रॅम, अशी ही थरांची रचना असते. एक थर बदलला की त्यावरच्या थरांची तपासणी करावीच लागते. जून २०२० मध्ये आलेल्या स्पार्क ३.० ने स्कालाच्या २.११ या आवृत्तीचा आधार काढून घेतला व २.१२ ही आवृत्ती आवश्यक केली. एका आवृत्तीसाठी तयार केलेली ग्रंथालये दुसरीवर चालत नाहीत. ती नव्याने तयार करून घ्यावी लागतात. मे २०२५ मधील स्पार्क ४.० ने स्काला २.१३ आणि जावा १७ ही किमान अट घातली. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या हडूप ३.० ने तर मुख्य यंत्राच्या पाहणीपृष्ठाचा पोर्ट क्रमांकही ५००७० वरून ९८७० असा बदलला. परिणामी, जुना क्रमांक गृहीत धरणाऱ्या देखरेखीच्या व्यवस्थांना ते यंत्र सापडेनासे झाले.

या अडचणी त्रासदायक असल्या तरी प्रामाणिक असतात. काम थांबते, पडद्यावर त्रुटीचा संदेश उमटतो आणि कर्मचारी दुरुस्तीस लागतात. चुकीचा आकडा मात्र कोणताही संदेश न देता अहवालात जाऊन बसतो.

दिनदर्शिकेचा घोटाळा

याचे बोलके उदाहरण दिनांकांचे आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या सुधारणेनुसार १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर ही तारीख घेण्यात आली. स्पार्कच्या जुन्या आवृत्त्या त्यापूर्वीच्या तारखांसाठी ज्युलियन आणि नंतरच्या तारखांसाठी ग्रेगरीय दिनदर्शिका वापरीत. आवृत्ती ३.० ने सर्व काळासाठी ग्रेगरीय दिनदर्शिका स्वीकारली. पार्के या प्रकारच्या फाइलीत तारीख ही १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांच्या संख्येने नोंदली जाते. संख्या तीच राहिली, पण तिचा अर्थ बदलला.

इतक्या जुन्या तारखांशी आजच्या कार्यालयाचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जन्मतारीख ठाऊक नसल्यास तेथे सन १ मधील १ जानेवारी ही तारीख भरून ठेवण्याचा प्रघात अनेक संगणकीय नोंदींत आढळतो. जुन्या आवृत्तीने लिहिलेली ही तारीख नव्या दिनदर्शिकेने जशीच्या तशी वाचल्यास ती दोन दिवस मागे, म्हणजे आधीच्या वर्षाच्या ३० डिसेंबरवर जाते. मग ‘तारीख अज्ञात’ असलेल्या नोंदी शोधू जाता एकही सापडत नाही. हा धोका ओळखून आवृत्ती ३.० मध्ये अशी तारीख येताच काम थांबवून, ती जुन्या रीतीने वाचावी की नव्या, हे वापरणाऱ्यास ठरविण्यास सांगण्याची सोय करण्यात आली.

रिकामी जागा आणि माणूस

दुसरा बदल त्याहून व्यापक आहे. आवृत्ती ४.० पूर्वी स्पार्कची मूळ रीत मोठी उदार होती. अंकाच्या जागी अक्षरे आली, तर त्यांचे अंकात रूपांतर करताना ती जागा मुकाट्याने रिक्त धरली जाई. पूर्णांकाच्या लहान रकान्यात २,१४,७४,८३,६४७ ही कमाल मर्यादा असते. तीत १ मिळवला की उत्तर थेट ऋण संख्येत येई आणि तरीही काम चालू राही. आवृत्ती ४.० ने एसक्यूएल भाषेच्या प्रमाणित नियमांची कडक रीत मूळचीच केली. आता अशा ठिकाणी काम थांबते.

याचा अर्थ एका कल्पित यादीवरून पाहू. दोन हेक्टरपर्यंत क्षेत्र असलेल्या शेतकऱ्यांची यादी काढावयाची आहे. एका नोंदीत क्षेत्राच्या रकान्यात अंकाऐवजी ‘दीड’ हा शब्द पडला आहे. जुन्या रीतीने ते क्षेत्र रिक्त ठरते; रिक्त जागा कोणत्याही अटीत बसत नाही, म्हणून तो शेतकरी यादीतून वगळला जातो आणि कोणास काहीच कळत नाही. नव्या रीतीने मात्र त्या एका शब्दापायी सगळी यादी अडते. अशा वेळी कडक रीत बंद करून काम पुढे रेटण्याचा मोह होतो, आणि तशी कळ सॉफ्टवेअरमध्ये उपलब्धही आहे. परंतु यादी अडली म्हणूनच तो शेतकरी दृष्टीस पडला, हे विसरता कामा नये. योग्य उपाय असा की, ज्यांचे रूपांतर होत नाही अशा नोंदी आधी वेगळ्या काढाव्यात, त्या मूळ कागदपत्रांवरून दुरुस्त कराव्यात आणि मगच यादी करावी.

बदल कसा करावा

प्रत्येक प्रमुख आवृत्तीसोबत स्थलांतराची मार्गदर्शिका प्रसिद्ध होते. ती प्रथम वाचावी. वापरात असलेले प्रोग्रॅम, ग्रंथालये आणि फाइलींचे प्रकार यांची यादी करावी. शक्यतो एका वेळी एकच थर बदलावा. तीच माहिती जुन्या व नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांना देऊन उत्तरे ताडून पाहावीत. केवळ नोंदींची संख्या जुळली म्हणजे झाले असे नाही; रकान्यांच्या बेरजा, रिक्त जागांची संख्या आणि सर्वांत जुनी व नवी तारीख यांचीही तुलना करावी. जुनी रीत चालू ठेवणाऱ्या कळा ही तात्पुरती सोय समजावी आणि ती केव्हा काढणार हे लिहून ठेवावे.

हडूपमध्ये साठवणीची आवृत्ती बदलताना पूर्वस्थितीची नोंद राखली जाते व परत फिरता येते. तथापि परत फिरल्यास मधल्या काळात भरलेली माहिती नाहीशी होते. आणि बदल अंतिम केल्याची आज्ञा दिली की परतीची वाट बंद होते. म्हणून ती आज्ञा सर्व पडताळणी संपल्यावर, अगदी शेवटी द्यावी.

खतावणी नव्या वहीत उतरवताना मागील शिल्लक जुळवून घेण्याची शिस्त आपल्याकडील कारकुनांच्या अंगवळणी पडलेली आहे. वही बदलून शेकडो यंत्रे आली, तरी तीच शिस्त आवश्यक आहे. कारण तेथील प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी नाव, वय आणि हक्क असतो.