टकिला घेताना रंग बघू नका, लेबल वाचा

ज्यांना लोकलमध्ये, लायब्ररीत किंवा आईशेजारी बसून एपिसोड ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच आहे.

सुरुवातीलाच सांगतो, महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो. हा एपिसोड २५ च्या पुढच्यांसाठी. बाकीच्यांनी वनस्पतीशास्त्र म्हणून वाचा, तेही भरपूर आहे.

तर झालं असं, की कुर्डुवाडीहून चुलत भावाचा फोन आला. "दादा, आपल्या बांधाला केकताड हाय की न्हाय? टकिला त्याच्यापास्नंच काढत्यात म्हणं. रील बघितलं मी. लावायची का भट्टी?"

मी आधी हसलो. मग लक्षात आलं की गडी अर्धा बरोबर आहे. आणि उरलेल्या अर्ध्यात सगळी गोम आहे.

केकताड म्हणजे पुस्तकी मराठीत घायपात. काटेरी, जाड पानांचं, बांधावर आणि रेल्वेच्या कडेला दिसणारं. आजोबांच्या वेळी ही पानं पाण्यात कुजवून वाख काढायचे आणि त्याची दावी, कासरे वळायचे. हे झाड मूळचं आपलं नाहीच, मेक्सिकोकडून आलेलं आहे. त्याचं कूळ अगावे. टकिला त्याच कुळातल्या एका जातीपासून बनते, तिला निळी अगावे म्हणतात. म्हणजे भावाचं केकताड हे टकिलाच्या झाडाचं चुलत भावंड झालं, सख्खं नव्हे.

आणि नावाचा हक्क वेगळाच. १९७४ साली मेक्सिकोने टकिला हे नाव भूप्रदेशाशी बांधून टाकलं. हालिस्को हे राज्य पूर्ण आणि आणखी चार राज्यांतले काही भाग, एवढ्याच पट्ट्यात बनलेली टकिला. आपल्या दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून दारू बनते, नाही असं नाही. डेस्मंडजी नावाची बाटली गोव्यात बरीच वर्षं मिळते आणि अलीकडे माया पिस्तोला अगावेपुराही आली. पण त्यांच्या लेबलवर तुम्हाला टकिला हा शब्द दिसणार नाही, अगावेचं नाव दिसेल. माझ्या मते होम बारमध्ये अशी एक बाटली ठेवायला हरकत नाही. चव वेगळी असते, थोडी रानटी. पण गोव्यातून बॅगेत घालून आणू नका. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेली बाटली वाहतूक परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बॉर्डरवर चेकिंग होतं आणि सुट्टीची मजा तिथेच संपते.

आता मुख्य मुद्दा, बाटली निवडायची कशी.

पुण्यात फ्लॅट घेतल्यावर मी पहिली टकिला आणली ती सोनेरी होती. सोनेरी म्हणजे जुनी, जुनी म्हणजे भारी, असा साधा हिशेब. मीठ चाटलं, शॉट मारला, लिंबू चावलं. घसा जळाला, सकाळी डोकं धरलं. पुढे दोन वर्षं मला वाटत होतं की टकिला अशीच असते.

खरं कारण आम्हा माढा तालुक्यातल्या लोकांना पटकन कळावं असं आहे, कारण ते उसाचं आहे. नियमाप्रमाणे टकिलातली किमान ५१ टक्के साखर अगावेची असावी लागते. उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत दुसरीकडची चालते, आणि ती बहुतेक वेळा उसाचीच असते. अशा टकिलाला मिक्स्टो म्हणतात. तिचा सोनेरी रंग बऱ्याचदा पिंपातला नसतो, कॅरॅमलचा असतो. म्हणजे मी मेक्सिकोच्या नावाने पैसे मोजून जवळजवळ अर्धा ऊस प्यालो. ऊस आमच्याकडे फुकट चघळायला मिळतो!

म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: लेबलवर '१०० टक्के अगावे' असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. नुसतं 'टकिला' लिहिलं असेल तर ती मिक्स्टो समजा. ब्रँडच्या नावावर जाऊ नका, एकच कंपनी दोन्ही बनवते. होसे क्वेर्वोची 'एस्पेशल' मिक्स्टो आहे आणि त्यांचीच 'त्रादिसियोनाल' १०० टक्के अगावेची. शेल्फवर दोन्ही शेजारी उभ्या असतात.

१०० टक्केवाली महाग का, तर झाडामुळे. ऊस वर्ष-दीड वर्षात तोडणीला येतो. निळ्या अगावेला साधारण सहा-सात वर्षं लागतात, आणि एकदा काढली की ती संपली. पानं छाटून मधला गड्डा काढतात, तो दिसतो अननसासारखा. उसाच्या रसात साखर तयार असते, तशी या गड्ड्यात नसते. ती लांब साखळ्यांत बांधलेली असते, भाजल्या-शिजवल्याशिवाय सुटत नाही. रताळं कच्चं खा आणि भाजून खा, तसाच फरक. काही जण हे गड्डे विटांच्या भट्टीत दीड-दोन दिवस सावकाश शिजवतात, काही प्रेशरखाली वाफेवर. काही मोठे कारखाने डिफ्यूझर वापरतात. हे यंत्र मूळचं साखर कारखान्यांच्या जगातलं. त्यात काम झटपट होतं, पण माझ्या जिभेला अशी टकिला पोकळ लागते.

त्यात आपल्याकडे मूळ किमतीवर १५० टक्के आयात शुल्क. म्हणून चूक महागात पडते.

आता प्रकार. ब्लँको म्हणजे पांढरी, पिंपात जवळजवळ न ठेवलेली. रेपोसादो किमान दोन महिने ओकच्या पिंपात. आन्येहो किमान एक वर्ष, आणि २००६ पासून एक्स्ट्रा आन्येहो, किमान तीन वर्षं. होम बारसाठी एकच घ्यायची असेल तर डोळे झाकून ब्लँको. लाकडाच्या वासामागे लपायला तिला जागा नसते, अगावे चांगली असेल तर लगेच कळते. आणि लिंबूसरबताच्या चालीवर बनणाऱ्या सगळ्या कॉकटेलना तीच चालते. पेरूचा रस, लिंबू, हिरवी मिरची, मीठ आणि ब्लँको, एकदा करून बघा. आन्येहो नंतर घ्या, व्हिस्की आवडणारा मित्र येणार असेल तेव्हा.

जुन्या टकिलात थोड्या प्रमाणात रंग, ग्लिसरीन, साखरेचा पाक, ओकचा अर्क घालायला परवानगी आहे. वास घेतल्यावर बेकरीत शिरल्यासारखं व्हॅनिला-केक आलं, तर मला तरी शंका येते.

लेबलवर नोम आणि पुढे चार आकडे दिसतील. तो डिस्टिलरीचा नंबर. दोन वेगळ्या किमतीच्या ब्रँडवर एकच नंबर दिसला, तर दोन्ही एकाच ठिकाणी बनतात. आमच्या कोडिंगच्या भाषेत, फ्रंटएंड वेगळा, सर्व्हर एकच. रेसिपी मात्र वेगळी असू शकते.

पूर्ण बाटली घेण्याआधी बारमध्ये ३० मिली मागवून बघा. मीठ-लिंबू नको, थंड नको, हळूहळू. घरी बाटली उभी ठेवा, उन्हापासून लांब. सोलापूरच्या उन्हाळ्यात खिडकीतल्या बाटलीचं काय होईल ते सांगायला नको. बाटलीत टकिला मुरत नाही, उघडल्यावर उलट हळूहळू वास हरवते. शोपीस करून ठेवू नका.

राहिली भावाची भट्टी. त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. घरी दारू गाळणं गुन्हा आहे. आणि कारखान्यात पहिली धार वेगळी काढतात, मिथेनॉल तपासतात, ते पत्र्याच्या डब्यावर जमत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत मिथेनॉलवाल्या दारूने शंभरावर माणसं गेली, हे मी त्याला आकड्यासकट सांगितलं. तो गप्प झाला.

मग म्हणाला, "मग केकताड काढून टाकू का? जेसीबी आलाच हाय शेजारी."

नको म्हटलं. गुरं आत येत नाहीत, बांध धरून राहतो. तेवढ्यासाठी तरी राहू दे. परवा गावी गेलो तेव्हा एकाला उंच दांडा आलेला होता. म्हणजे ते आता एकदाच फुलणार आणि वाळणार. फोटो इन्स्टावर टाकलाय, बघा.