उसाच्या पट्ट्यातली ब्लूजची गिटार

बारामतीत किंवा इंदापुरात एखाद्या मुलाच्या मनात ब्लूज शिकायचं आलं, की गिटारच्या आधी सल्ले येतात. आधी स्वस्तातली घे, मन रमलं तर चांगली बघू. मग अडीच-तीन हजारांची, अडतीस इंची, कटअवे असलेली चकचकीत गिटार कुरिअरने दारात येते आणि काही महिन्यांत माळ्यावर चढते. पोराचं मन रमलं नाही, एवढाच निष्कर्ष घरचे काढतात. दोष बहुतेक वेळा पोराचा नसतो. तारा पडद्यांपासून इतक्या उंच असतात की पहिला एफ कॉर्ड दाबतानाच बोटं हार मानतात.

तारेची ही उंची, जिला गिटारवाले ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात, प्रस्तुत लेखकाला वर्षानुवर्षं पछाडत आली आहे. मोजायची म्हटलं तर ती दोन-तीन मिलिमीटरची गोष्ट. अकूस्टिक गिटारवर बाराव्या पडद्यापाशी जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर शिकणं सुखाचं होतं. चारच्या पुढे गेली तर शिक्षा. लाकूड कुठलं, रंग कुठला, मुठीवर नाव कुणाचं, हे सगळं या मोजमापानंतर.

ब्लूजच्या बाबतीत तर फारच नंतर. या संगीताचा सुरांचा साचा मराठी कानाला परका नाही. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद म्हणजे धानीचेच स्वर. मधून डोकावणारा तीव्र मध्यम तेवढा वेगळा. पण ब्लूजचा जीव असतो गंधारात, आणि तो गंधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो. सतारिया मींड घेतो तशी तार पडद्यावर आडवी ओढूनच तो गाठावा लागतो. इथे तारांची जाडी कामाला येते. इलेक्ट्रिक गिटारच्या 9 नंबरच्या सेटमध्ये तिसरी तार इंचाचे सोळा सहस्रांश जाडीची आणि साधी असते. अकूस्टिकच्या 12 नंबरच्या सेटमध्ये तीच तार चोवीसची आणि वर गुंडाळीची. तिच्यावर गंधार ओढणं नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून शिकागो धाटणीचं ब्लूज वाजवायचं असेल तर पहिली गिटार इलेक्ट्रिकच असावी, हे लेखकाचं ठाम मत आहे. छोट्या अ‍ॅम्पसकट हा हिशेब साधारण वीस हजारांवर जातो.

तेवढे पैसे नसतील तर आठ-दहा हजारांच्या आसपासची, यामाहाच्या एफ-310सारखी साधी अकूस्टिक घ्यावी, 10 नंबरचा सेट चढवावा आणि तिसरी तार गुंडाळी नसलेली लावावी. दुकानात प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून पाहावी. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तिथेच बोट नुसतं टेकवून काढलेला हार्मोनिक एकच आला पाहिजे. मानेत ट्रस रॉड, म्हणजे मान वाकू न देणारी सळई, आहे का, हे विचारायला लाजू नये. नायलॉनच्या तारांसाठी केलेल्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीच चढवू नयेत. त्या ताणाने ब्रिज उखडतो. पंधराशे रुपये कमी खर्चून तेच पैसे सेटअप करणाऱ्या कारागिराला देणं कधीही शहाणपणाचं. इंदापूरसारख्या पर्जन्यछायेतल्या भागात एप्रिल-मे महिन्यात लाकूड आटतं आणि पडद्यांची टोकं मानेबाहेर येऊन हाताला टोचू लागतात. ती घासून घेता येतात. तेवढ्यासाठी गिटार बदलायचं कारण नाही.

हे संगीत जन्मलं तेच मुळी स्वस्तातल्या गिटारवर. सीअर्स, रोबक या अमेरिकन टपाल-विक्री कंपनीच्या कॅटलॉगमध्ये 1894 साली गिटार आली ती साडेचार डॉलरला. 1908 पर्यंत स्टीलच्या तारांची गिटार 1 डॉलर 89 सेंटला मिळू लागली. मिसिसिपीच्या कापूस पट्ट्यात अर्धलीने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीयांना गावच्या दुकानात गोऱ्या दुकानदाराच्या मर्जीवर उभं राहावं लागे. कॅटलॉग मात्र गिऱ्हाइकाचा रंग विचारत नव्हता. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सने तरुणपणी घरचा शेवटचा घोडा विकला, निम्मे पैसे आजीला दिले आणि आपल्या वाट्यातल्या अडीच डॉलरमध्ये स्टेला गिटार घेतली, असं तो पुढे सांगत असे. या स्टेला जर्सी सिटीच्या ऑस्कर श्मिट कारखान्यातल्या. प्लायवूडच्या नसल्या तरी सगळ्यात साध्या लाकडाच्या.

माळेगाव किंवा भवानीनगरच्या कारखान्याकडे दिवाळीच्या सुमारास निघालेल्या ऊसतोड टोळ्या पाहणाऱ्याला मिसिसिपीची ती व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. इथे मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि कोयत्याने ती फेडायची. तिथे मळेवाल्याकडून वर्षभराचं धान्य-कापड उधारीवर घ्यायचं आणि कापूस निघाला की हिशेबाला उभं राहायचं. तो हिशेब लिहिणारा मळेवालाच. ब्लूजमध्ये जे दुःख आहे त्याला प्रेमभंगाइतकाच या खातेवहीचा आधार आहे, आणि ब्लूज शिकवणारे बहुतेक जण ते सांगत नाहीत, याची लेखकाला खंत वाटते.

पुन्हा तारेच्या उंचीकडे. कॅटलॉगातल्या त्या गिटारचीही अ‍ॅक्शन उंचच असे. मग तार दाबायचीच नाही, तिच्यावरून चाकूची पाठ किंवा बाटलीचा गळा फिरवायचा, ही रीत अशा गिटारला उत्तम सोसत होती. तिला आज स्लाइड म्हणतात. तिचा उगम कुठला, यावर अभ्यासकांत भांडण आहे, आणि त्या भांडणात एक हिंदुस्थानी मुलगा अचानक समोर येतो.

भांडणाचं मूळ एका आत्मचरित्रातल्या वाक्यात आहे. डब्ल्यू. सी. हँडी हा बँडमास्तर 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर उशिराच्या गाडीची वाट पाहत पेंगत होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर चाकू दाबून गिटार वाजवू लागला. हँडीने हे लिहिलं 1941 साली, आणि लिहिताना ही पद्धत हवाई बेटांवरच्या वादकांनी लोकप्रिय केलेली, अशी पुस्ती जोडली. जॉन ट्राउटमन या इतिहासकाराने 2013 मधला लेख आणि 2016 मधलं पुस्तक यांत हाच धागा ताणून धरला: हवाईच्या मंडळ्या अमेरिकेच्या दक्षिणेत फिरत होत्या, आणि कृष्णवर्णीय वादकांनी ही रीत त्यांच्याकडून उचलली. केसी बिल वेल्डनच्या 1930 च्या दशकातल्या रेकॉर्डवर तर त्याला ‘हवाईयन गिटारचा जादूगार’ म्हटलेलं आहे. डेव्हिड एव्हान्सने 1970 मध्येच उलट बाजू मांडली होती. दक्षिणेतली गरीब मुलं झाडूची तार भिंतीवर ठोकून तिच्यावर बाटली फिरवत. हा ‘डिडली बो’ आफ्रिकेच्या एकतारी वाद्यांचा वंशज.

लेखकाचं माप एव्हान्सच्या बाजूला झुकतं. हँडीची पुस्ती घटनेनंतर चार दशकांनी लिहिलेली आहे, आणि मधल्या काळात, विशेषतः 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर, साऱ्या अमेरिकेला हवाईयन गिटारचं वेड लागलं होतं. ते वेड ओसरल्यावरही लुइझियानाच्या लेट्सवर्थमध्ये 1936 साली जन्मलेला ब्लूज गिटारवादक बडी गाय पहिलं वाद्य म्हणून दोन तारांचा डिडली बो स्वतःच बनवतो. बालपणात हातून हातात जाणारी गोष्ट फिरत्या मंडळीकडून उसनी आणलेली नसते. गोंधळ्याचं तुणतुणं ऐकत वाढलेल्या वाचकाला हे लगेच पटावं.

तरीही हवाईची बाजू सोडवत नाही, ती गॅब्रिएल डेव्हियनमुळे. या पद्धतीचा जनक म्हणून जगभर नाव घेतलं जातं जोसेफ केकुकुचं. जन्म 1874, गाव ओआहू बेटावरचं लाइए. रुळांवर सापडलेला बोल्ट तारांवरून फिरवल्याची त्याची कथा प्रसिद्ध आहे. पण हवाईचा संगीतकार चार्ल्स ई. किंग याने एक वेगळीच आठवण नोंदवून ठेवली. 1880 च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे केकुकुच्या शोधाच्या आधी, असं वादन डेव्हियन नावाचा तरुण करत होता. तो हिंदुस्थानात जन्मलेला, एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेला, आणि फिरत फिरत होनोलुलूला पोचलेला.

एवढ्या तीन-चार तपशिलांवर किती इमले उभे राहिले! या मुलाने मायदेशी विचित्र वीणा किंवा गोट्टुवाद्यम पाहिलं असणार, म्हणजे स्लाइड गिटार मूळची आपलीच, असं लिहिणारे भेटतात. किंग हा केकुकुच्याच वयाचा. डेव्हियनचं वादन झालं तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता आणि सांगताना प्रौढ. साक्ष तशी दूरचीच. त्यात, जहाजावर पळवून नेलेल्या मुलाच्या वाट्याला दरबारी वीणा कुठून यायची? डेव्हियनवर हक्क सांगण्यापेक्षा त्याच्यावर झालेला अन्याय लक्षात ठेवणं लेखकाला अधिक गरजेचं वाटतं. शोध कुणाचा का असेना, त्या मुलाला कुणीतरी घरातून उचलून नेलं होतं.

गोट्टुवाद्यमचा उल्लेख आला आहे, तर मराठी वाचकाने एक नाव जरूर जाणून घ्यावं: तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव. तंजावरच्या मराठी परंपरेतला हा वादक. पडदे नसलेल्या वीणेवर लाकडी ठोकळा सरकवून वाजवायचं हे वाद्य कर्नाटक संगीताच्या मैफलीत प्रतिष्ठेला नेण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांच्यासारखा थोर गायक काही काळ त्यांच्याकडे शिकला. पुण्या-मुंबईच्या संगीतचर्चेत सखाराम रावांचं नाव जवळजवळ येतच नाही. सरकत्या सुराची आपल्या घरातली वाट शोधायची तर ती होनोलुलूहून नव्हे, तंजावरहून जाते. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवले. 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही रेकॉर्ड अनेक मराठी घरांत आहे. संतूर आणि बासरीच्या जोडीची तिसरी बाजू ती हीच.

बडी गाय 2011 साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवाला आला, नंतरही येत राहिला. डिडली बोनंतर त्याच्या हाती आलेली हार्मनी कंपनीची साधी अकूस्टिक गिटार आता रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमकडे आहे.

तर माळ्यावरची ती उंच तारांची गिटार आधी खाली काढावी. चिपली नसेल, ब्रिज सुटला नसेल, तर तिच्यावर स्लाइड शिकता येतं. स्लाइडसाठी गॅरेजमधलं पान्याचं सॉकेट चालतं. अमेरिकन स्लाइडवादक लोवेल जॉर्जने सीअर्सचंच सॉकेट वापरून नाव कमावलं. करंगळीत ते नीट बसलं पाहिजे. सॉकेट पडद्याच्या मागे नाही, बरोबर पडद्याच्या तारेवर धरायचं, आणि त्याच्या मागची बोटं तारांवर अलगद टेकवून ठेवायची, म्हणजे खडखड मरते. मग गिटार ओपन डीमध्ये लावायची: सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन पडदे उतरवायची, तिसरी एक पडदा. जाडीकडून वाचलं तर सा, प, सा, शुद्ध ग, प, सा. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ही लावणी पहिल्याच झंकारात ओळखू येते. शिवाय इथे प्रत्येक बदल तार सैलच करतो, त्यामुळे ट्रस रॉड नसलेल्या स्वस्त मानेवरचा ताणही कमी होतो.

हात बसला की तिसरी तार आणखी एक पडदा उतरवून गंधार कोमल करून पाहावा. मिसिसिपीतल्या बेंटोनिया गावच्या स्किप जेम्सने 1931 साली विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पॅरामाउंटसाठी ध्वनिमुद्रण केलं ते मुख्यतः याच लावणीत. त्याने ती गावच्या हेन्री स्टकीकडून घेतली होती, आणि स्टकीने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये भेटलेल्या, बहुधा बहामाच्या, सैनिकांकडून.