वेग, वय आणि अनुभव
(द्वितीय वर्ष, कला)

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी पायी चालता चालता केली असावी. पायवाटेवरची ठेच फार तर अंगठ्याचे नख घेऊन जाते आणि त्या बदल्यात जन्माचे शहाणपण देऊन जाते. मोटारसायकलवर बसलेल्याला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. तेथे पहिलीच ठेच शेवटची ठरू शकते. म्हणूनच ज्या वयात अनुभव सर्वांत कमी आणि वेगाची ओढ सर्वांत जास्त असते, त्या आपल्या वयाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सर्वाधिक संख्या दुचाकीवरील लोकांची होती. हेल्मेट न घालता दगावलेले दुचाकीस्वार व त्यांच्यामागे बसलेले मिळून ५०,०२९ होते. एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता.

हे आकडे वाचून 'आजची तरुण पिढी बेजबाबदार आहे' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण प्रश्न इतका सरळ नाही. नवशिक्या चालकाच्या धोक्याला दोन वेगवेगळी कारणे आहेत. एक वयाचे, दुसरे अनुभवाचे.

वयाचे कारण आधी पाहू. परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग वयाच्या विशीतही पक्व होतच असतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्यात मित्रांची भर पडते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरील खेळात पिवळा दिवा लागल्यावर मोटार थांबवायची, की आणखी थोडी पुढे दामटायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचे होते. समवयस्क शेजारी बसून पाहू लागताच किशोरांनी आणि तरुणांनी अधिक धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्या प्रौढांच्या वागण्यात मात्र फरक पडला नाही. ट्रिपल सीट बसून, एसटीला कट मारून पुढे जाणाऱ्या आपल्या मित्रांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एकटा असताना तोच मुलगा मुकाट्याने एसटीच्या मागून येतो.

दुसरे कारण अनुभवाचे, आणि ते अधिक खोल आहे. गाडी चालवणे म्हणजे क्लच, गिअर आणि ब्रेक, असे आपल्याला वाटते. ते तर आठ दिवसांत येते. खरे चालवणे डोळ्यांत असते. १९७२ मध्ये अमेरिकेत मौरंट आणि रॉकवेल या संशोधकांनी मोटार चालवणाऱ्यांच्या नजरेचा मागोवा घेतला. नवशिके गाडीच्या जवळचाच रस्ता पाहत होते आणि आरशाकडे क्वचित वळत होते. मुरलेल्या चालकांची नजर मात्र दूरवर व चहूकडे फिरत होती. रस्त्यात चेंडू घरंगळत आला की मागून मूल धावत येणार, हे जाणत्याला चेंडू दिसताच कळते. नवख्याला मूल दिसल्यावर कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. तेवढ्या एका सेकंदाचा फरक म्हणजेच अनुभव.

आपल्या भागात गळिताच्या हंगामात रात्री उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली समोर असते. पहिल्या पावसात डांबरावर तेलकट राड होते. वळणावर खडी सांडलेली असते. या गोष्टी परवान्याच्या परीक्षेत कोणी विचारत नाही. त्या रस्ताच शिकवतो.

मग कसब वाढवले तर? नॉर्वेमध्ये १९७९ पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे सक्तीचे शिक्षण दिले गेले. पुढे पाहणी केली, तेव्हा निसरड्या रस्त्यावरील तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. कसब आले, त्याहून अधिक फाजील आत्मविश्वास आला. उलट स्वीडनने १९९३ मध्ये परवान्याचे वय १८ च ठेवून, जाणत्या माणसाला शेजारी बसवून सराव करण्याचे वय १६ वर आणले. लवकर सुरुवात करणाऱ्यांनी सुमारे १२० तास सराव केला, इतरांनी पन्नासाहून कमी. परवान्यानंतरच्या काळात पहिल्या गटाचा अपघाताचा धोका एक-तृतीयांशाहून अधिक कमी आढळला.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना यात नवल वाटू नये. नव्या खोंडाला कोणी एकदम भरल्या गाडीला जुंपत नाही. त्याला आधी जुन्या, शांत बैलाच्या जोडीला लावतात, मोकळ्या रानात फिरवतात, मग हळूहळू ओझे वाढवतात. न्यूझीलंडने १९८७ मध्ये परवाना टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत आणली. आधी रात्री गाडी चालवण्यावर व सोबती नेण्यावर बंधने, मग पूर्ण मोकळीक. ती याच तत्त्वावर उभी आहे. आपल्या वडिलांनी जे शहाणपण खोंडाबाबत दाखवले, तेच मुलाच्या हाती किल्ली देताना कसे विसरले जाते?

आपला कायदाही याबाबत अगदीच मुका नाही. शिकाऊ परवानाधारकाने मोटारसायकलवर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवू नये, असा नियम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण शिकाऊचा पक्का परवाना झाला, की दुसऱ्याच दिवशी सारी मोकळीक एकदम मिळते. मधली पायरीच नाही.

ती पायरी आपण स्वतः बांधू शकतो. पहिले वर्षभर रात्रीचा हमरस्ता टाळावा, मागे मित्रांना बसवू नये, आणि गावापासून कॉलेजपर्यंत हेल्मेट डोक्यावरच असावे, आरशाला अडकवलेले नसावे. घरातल्या जाणत्या माणसाला मागे बसवून त्याची बोलणी ऐकून घ्यावीत. एसटी महामंडळ २५ वर्षे विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा सत्कार करते. तसा कोणी गावात असेल, तर तो समोर काय पाहतो हे त्याला विचारावे.

आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिले शिकणारे आहेत. काहींची गाडी उसाच्या बिलातून आली आहे, काहींची सोसायटीच्या कर्जातून. कर्ज पुढच्या हंगामात फिटते. दुसऱ्या गोष्टीची भरपाई कोणत्याच हंगामात होत नाही. मित्रहो, अनुभव मिळवायला आपल्यापुढे सारे आयुष्य आहे. तो घाईने मिळवण्याचे कारण नाही.